गुलाल खाल्लेली पेटी

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाची दोन माणसं आमची पेटी परत करायला आली, तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. त्यांनी ती ओट्यावर टेकवली. वरचं कव्हर नव्हतं. पट्ट्यांच्या फटींमध्ये गुलाल गच्च बसला होता आणि डाव्या अंगाला काहीतरी गोड सांडून वाळलं होतं, त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

"वहिनी, बंद पडली ही," एकजण म्हणाला. "जुनीच होती न तशी. अध्यक्ष म्हणे, भंगारवाल्याले देऊन टाका."

"बंद पडली म्हणजे? मी दिली तेव्हा चालू होती."

"मशीनचं काय सांगता येते, वहिनी?"

असं म्हणून त्याने एक अ‍ॅडॉप्टर पेटीवर ठेवला आणि दोघेही निघून गेले. मी खाली उतरून फाटकापर्यंत गेले, तोवर त्यांची मोटारसायकल वळणावर पोचली होती.

आम्ही तिला पेटी म्हणत असू, पण ती पेटी नव्हती. तो सिंथेसायझर होता, एकसष्ट पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. वर्ध्यातला एक ऑर्केस्ट्रा बंद झाला, त्याच्या सामानातून आम्ही सहा बायकांनी मिळून तो घेतला होता. नालवाडीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही भजनं म्हणायला बसतो. आमच्यात सगळ्यात मोठ्या मावशी. त्या दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात, पण आवाज अजून वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. मी आर्वीला शाळेत असताना प्रार्थनेला हार्मोनियम वाजवायचे, तेवढ्या भरवशावर सगळ्यांनी मला या पेटीवर बसवलं. पहिले सहा महिने मी नुसता सूर धरत होते. मग हळूहळू गाण्यामागे चालायला लागले, आणि वर्षभरात मावशींनी चाल बदलली की माझी बोटं आपोआप तिकडे वळू लागली. घरात भाजी चिरतानासुद्धा माझी बोटं पाटावर चालायची.

गणपतीत चौकातल्या मंडळाने दहा दिवसांसाठी पेटी मागितली आणि आम्ही ती दिली. देवाचं काम होतं. वाजवायला मात्र मला कोणी बोलावलं नाही. अध्यक्ष म्हणाले होते, "एवढ्या गर्दीत तुम्हाले कायले त्रास, वहिनी? आमच्याकडे वाजवणारा पोट्टा आहे."

शनिवारी सगळ्या जमल्या. मावशींनी पेटीवरून बोट फिरवलं, लाल झालेलं बोट पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "चला."

अध्यक्षांचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. आम्ही सहाजणी तिथे जाऊन उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला डबा देता देताच बोलायला सुरुवात केली.

"गणपतीच्या सेवेत गेली वहिनी पेटी. पुण्य लागलं समजा."

"पुण्याचं आमचं आम्ही पाहून घेऊ," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पेटीचं बोला."

"पुढच्या वर्षी मंडळ नवीन घेऊनच राह्यलं आहे. तुम्हीबी नेत जा कधी लागली तर." मग हसून म्हणाले, "आन् खरं सांगू काय मावशी, तुम्ही बायका त्या पेटीवर वाजवता तरी काय? एक सूर धरून ठेवता. तेवढ्याले टाळ पुरते."

दुकानात उभी असलेली माणसं हसली. एकाने तर मान हलवून दाद दिली. मावशी काहीतरी कडक बोलल्या, पण मला ते ऐकू आलं नाही. माझे कान तापले होते. दीड वर्ष मी रोज दुपारी मशीनवरून उठून तासभर त्या पट्ट्यांवर बोटं फिरवत होते. ते या माणसाने कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची त्याला गरजही वाटली नव्हती.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे न. याच चौकात राह्यचं आहे आपल्याले." तो शाळेची बस चालवतो, स्वभावाने गरीब. मंडळात त्याची ऊठबस आहे.

"चौक त्याच्या बापाचा आहे काय?" मी म्हटलं.

"तसं नाई..."

"मग कसं?"

मला त्याचा राग नव्हता, पण त्या दिवशी जो समोर येईल त्याला ऐकून घ्यावं लागणार होतं.

आधी मी रीतसर मार्गाने गेले. पेटी जुन्या गोधडीत गुंडाळून नागपूरच्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने गोधडी अर्धीच बाजूला केली, मॉडेल पाहिलं आणि पुन्हा झाकलं.

"मॅडम, इसके पार्ट नहीं आते अब. नया ले लो."

"खोलके तो देखो."

"खोलने का कुछ फायदा नहीं. बोर्ड गया होगा."

"बिना खोले कैसे मालूम?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. त्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता, तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. परतीच्या गाडीत मी विचार करत होते. माझं शिलाई मशीन मी वीस वर्षं स्वतः उघडते. शटल काढते, तेल देते, पट्टा बदलते, टाका सुटायला लागला की नुसत्या आवाजावरून मला कळतं कुठे बिघडलंय. ते उघडायला मी कोणाची परवानगी घेतली नव्हती. मग हे का नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आटोपून मी पेटी पलंगावर उलटी केली. खाली इतके स्क्रू की मोजता मोजता चुकले. मोबाइलवर कोणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला होता, त्याची भाषा कळत नव्हती पण हात कळत होते. तो प्रत्येक लांबीचे स्क्रू वेगळे ठेवत होता. मी मसाल्याचा डबा रिकामा केला. जिऱ्याच्या वाटीत लांब स्क्रू, मोहरीच्या वाटीत आखूड, हळदीच्या वाटीत वॉशरवाले. नवरा जेवायला आला आणि डब्याकडे पाहून म्हणाला, "भाजीत काय टाकलं मग?"

"मीठ. जेवा."

आत पाहिलं तर गुलालाचा थर. अक्षता, कंगव्याचा एक दात, कापसाचा पुंजका, झुरळाची वाळलेली अंडी. पट्ट्या एकेक करून काढल्या, पुसल्या, पण बटण दाबलं की दिवा काही लागेना. तिथे माझी विद्या संपली. धूळ मला कळत होती, वीज कळत नव्हती.

तेव्हा मला आर्वीचे रेडिओवाले काका आठवले. बस डेपोजवळ त्यांचं दुकान होतं, माझ्या वडिलांचा रेडिओ त्यांनी दोनदा तरी जिवंत केला होता. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. माहेरी फोन केला, तर आई म्हणाली, घरीच असतात, हात थरथरतात त्यांचे आता.

आर्वीच्या गाडीत कंडक्टरने गोधडीतलं लांबोळकं पाहून विचारलं, "काय आहे बाई हे?"

"पेटी."

"एवढी लांब? लगेज लागन."

"लावा." मग मी ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून आर्वीपर्यंत बसले. शेजारच्या माणसाने दोनदा सांगितलं की वर ठेवून द्या. मी ठेवली नाही.

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ओळख सांगितली तेव्हा त्यांना माझ्या वडिलांआधी आमचा रेडिओ आठवला. पण पेटी पाहून त्यांनी मान हलवली.

"मी रेडिओवाला, माय. हे नवं काम मले नाई समजत."

"करंट तर तोच आहे न, काका?"

ते हसले. मग म्हणाले, "करंट तोच आहे, पण हात तो नाई राह्यला." त्यांनी उजवा हात पुढे धरला. बोटं पानासारखी हलत होती.

"माझे हात आहेत न. तुम्ही सांगा, मी करते."

काकांनी सुनेला आतून मीटर आणि सोल्डरिंगची कावी, म्हणजे डाख लावायची तापती सळई, आणायला सांगितली. सगळ्यात आधी त्यांनी अ‍ॅडॉप्टर मागितला. तो मीटरला लावायला मला सांगितला, आकडा पाहिला, मग पेटीच्या मागे पिनेजवळ कोरलेलं बारीकसं चित्र भिंगातून पाहिलं.

"हा अ‍ॅडॉप्टर तुमचाच आहे काय?"

मी पहिल्यांदाच नीट पाहिला. आमच्या अ‍ॅडॉप्टरच्या वायरला मी लाल दोरा बांधला होता. याला नव्हता.

"नाई. हा त्यांचा दिसते."

"उलटा आहे हा. या पेटीले आत प्लस पाह्यजे, याचं बाहेर आहे. कोण्या शहाण्यानं लावला काय माहीत." ते पुढे वाकले. "आता जिथून करंट आत शिरते तिथलं पाह्य. काळा छोटा दाणा असन, एका टोकाले पांढरी रेघ."

तो दाणा म्हणजे डायोड. मीटरच्या तारा आधी सुलट, मग उलट लावल्या तर दोन्ही वेळा मीटर सारखाच वाजला; चांगला दाणा एकाच बाजूने वाजतो.

"गेला," काका म्हणाले. "आन् चांगला गेला. उलटा करंट आला तर त्याले तिथंच अडवाले ठेवलेला असते हा. त्यानं स्वतःचा जीव देल्ला, म्हणून पुढचं सारं वाचलं असन. बाजूचा फ्यूज पाह्य."

फ्यूजही गेला होता. नागपूरच्या माणसाने ज्या पेटीला बोर्ड गेला म्हणून झाकून ठेवलं, तिला लागणारे हे दोन सुटे भाग काकांच्या बिस्किटाच्या डब्यात पडलेले होते. दोन्ही सापडले. मी जन्मात पहिल्यांदा कावी हातात धरली. पहिला टाका लगदा झाला, दुसरा सुटला. काका ओरडले नाहीत. "पहिले जागा तापव, मंग तार लाव. तार कावीले नाई लावाची, जागेले लावाची." तिसरा बसला. बारीक, चकचकीत, गोल.

तो अ‍ॅडॉप्टर न लावता पेटीत सेल घातले, बटण दाबलं. पडद्यावर आकडे उजळले. मी मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली आणि आवाज आला. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. काका मात्र मीटर गुंडाळून ठेवत म्हणाले, "हा उलटा अ‍ॅडॉप्टर फेकू नको. जपून ठेवजो."

पण काम अर्धंच झालं होतं. दिवा लागला तरी निम्म्या पट्ट्या मुक्या होत्या आणि काही उगाच केकाटत होत्या, कितीही हलकं बोट टेकवलं तरी पूर्ण जोराने. काकांना याचं कारण माहीत नव्हतं, ते मी घरी व्हिडिओ पाहून पाहून शोधलं. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन फुगे असतात, फुग्यांच्या आत काळे ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका टेकतो, मग दुसरा, आणि या दोहोंमधल्या वेळावरून पेटी ठरवते की बोट हलकं पडलं की जोरात. एका ठिपक्यावर गुलाल बसला की तिचा हिशेब बिघडतो.

दिवाळीच्या ब्लाउजांची घाई होती. मी दिवसभर शिवायचे आणि मधल्या वेळात रबराच्या पट्ट्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या स्पिरिटने पुसायचे. कापसाचा बोळा लाल व्हायचा, दुसरा घ्यायचा, तोही लाल. एकदा सगळं जोडलं तर एक आख्खं सप्तक मुकं. पुन्हा उघडलं, तेव्हा दिसलं की रबर एक घर पुढे बसवलं होतं. मग चिडून पट्ट्यांकडून बोर्डाकडे जाणारी चपटी वायर जोरात ओढली आणि तिचं टोक फाटलं. त्या दिवशी मी पेटी तशीच पलंगावर सोडून ओट्यावर जाऊन बसले. समोरून अध्यक्ष स्कूटरवरून गेले, त्यांनी हात दाखवला. मी आत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आर्वीची गाडी पकडली.

वायर काकांनी माझ्याकडून एकेक तार करून जोडून घेतली. दुपार गेली त्यात. "ब्लाउज शिवते न तू? मंग हे काय अवघड आहे," एवढंच ते म्हणाले, आणि मला ते फार आवडलं.

मधल्या सप्तकाचं एक रबर मात्र फाटलेलंच होतं. मी फार विचार केला नाही. अगदी उजवीकडचं, वरचं सप्तक आम्ही कधीच वापरत नाही, मावशींचा आवाज तिथे जात नाही. तिथलं चांगलं रबर काढून मध्ये बसवलं आणि फाटकं तिकडे. आजही त्या टोकाच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत. कोणी विचारलं तर मी सांगते, त्या वाजवायच्या नसतात.

पौषात एका शनिवारी पेटी पुन्हा मध्ये आली. मावशींनी काळी चारचा सूर मागितला, मी दिला. पहिलं भजन संपलं. मग मावशी म्हणाल्या, "पह्यल्यापेक्षा गोड वाटते." तसं काही नव्हतं, आवाज तोच होता. पण मी खोडून काढलं नाही.

पुढच्या गणपतीच्या आधी अध्यक्ष स्वतः आले, सोबत तीच दोन माणसं. नवीन पेटी मंडळाने घेतलीच नव्हती. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, ऐकलं की पेटी सुधरली तुमची. बरं झालं. उद्या पाठवतो पोट्टे न्यायले."

"पेटी नाई मिळणार, भाऊ."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांना वाटलं मी गंमत करते आहे. "देवाच्या कामाले नाई म्हणता काय?"

मी आत गेले, काकांनी जपून ठेवायला सांगितलेला अ‍ॅडॉप्टर आणला आणि त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"हा तुमचा. उलटा लावला म्हणून पेटी जळली. ती जुनी होती म्हणून बंद नाई पडली. आमचा लाल दोऱ्याचा अ‍ॅडॉप्टर तुमच्याकडे आहे, तो आणून द्या."

"त्या गर्दीत कोणं काय लावलं, मी काय पाहून राह्यलो होतो?"

"तेच तर. पाहणारं कोणी पाह्यजे. पेटी लागत असन तर मी येते सोबत. मी लावीन, मी वाजवीन, मीच घरी आणीन."

त्यांनी अ‍ॅडॉप्टर कपापासून दूर सारला. मग म्हणाले, "स्टेजवर बाई बसवाची म्हणजे कमिटीले विचारा लागन."

"विचारा."

"आन् कमिटी नाई म्हणे तर?"

"तर टाळ पुरते म्हणा."

कमिटी नाही म्हणाली, किंवा कोणी विचारलंच नाही, मला माहीत नाही. त्या वर्षी मंडळाची वर्गणीपावती आमच्या घरी आली, आरतीचं बोलावणं आलं नाही. नवऱ्याला दोन-चार जणांनी टोमणे मारले. तो घरी येऊन मला सांगायचा, मी ऐकून घ्यायचे. एका संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, "आज एकानं म्हटलं, तुह्या घरी बायकोचं राज्य आहे. मी म्हटलं, राज्य नाई, पेटी आहे." मी शिवणावरून मान वर केली तर तो माझ्याकडे न पाहता बुटाची नाडी सोडत होता.

गणपतीतच एका दिवशी आम्ही सहाजणी पेटी घेऊन केळझरला गेलो. टेकडीवरच्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि जिथे जागा मिळाली तिथे सतरंजी टाकली. पेटीत सहा मोठे सेल होते. त्या सेलांच्या घरातल्या गंजलेल्या स्प्रिंगा मी आदल्या आठवड्यात लिंबू लावून घासल्या होत्या, त्यामुळे कुणाच्या प्लगकडे पाहायची गरज नव्हती. आम्ही तासभर गायलो. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबत होत्या, काही बसल्या. त्यातली सेलूकडची एकजण भजनं संपल्यावर माझ्याजवळ सरकली.

"तुमची पेटी कोण पाहते? आमची दोन वर्षांपासून बंद आहे. सारे म्हणतात, फेका."

"फेकू नका," मी म्हटलं. "घेऊन या."

तिने आणली. तिची बघून तिच्या बहिणीने आणली. कुठे मुंग्यांनी घर केलेलं, कुठे आवाजाचं बटण खरखरतं, कुठे पट्टीखाली लग्नातला अक्षतांचा तांदूळ. सगळ्याच सुधरल्या असं नाही. दोन मी हात टेकून परत दिल्या आणि कारण सांगून दिल्या. फाटकावर आधी एकच पाटी होती, ब्लाउज शिवून मिळतील. तिच्याखाली मी दुसरी लावली, कीबोर्ड उघडून पाहिले जातील. नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "पत्ता विचारतील."

मागच्या उन्हाळ्यात ऑर्केस्ट्रातला एक माणूस मोठा कीबोर्ड घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "मिस्त्री आहेत काय घरी?"

"बसा. मीच."

तो बसला नाही. मी स्क्रू काढत होते तेवढा वेळ डोक्यावर उभा होता, प्रत्येक स्क्रू कुठल्या वाटीत जातो ते बघत. मी त्याला बघू दिलं. काम झाल्यावर त्याने वाजवून पाहिलं, दोनदा, तीनदा, सगळीकडून. चांगलं झालं असं काही म्हणाला नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या ओळखीचा आणखी एकजण आला.

मंडळाने शेवटी स्वतःची नवीन पेटी घेतली. परवा त्या दोन माणसांपैकी एकजण ती हातात धरून फाटकाशी आला. दोन सप्तकं बोलत नाहीत म्हणे. अध्यक्षांनी पाठवली.

"त्यांनी पाठवली, तर त्यांनाच येऊ द्या," मी म्हटलं. "पेटी कशानं बिघडली ते मले विचारावं लागते, आन् ते वापरणाऱ्यालेच माहीत असते. यावं, बसावं, सांगावं. मी उघडून पाहीन."

"वहिनी, एवढ्यासाठी त्यांनी यायचं?"

"हो. एवढ्यासाठीच."

तो पेटी घेऊन परत गेला. अध्यक्ष अजून आलेले नाहीत. आले तर मी खरंच उघडून पाहीन, आणि जमेल तेवढी नीट दुरुस्त करीन. नाही आले, तर माझ्याकडे आत्ता पलंगावर दुसऱ्या तीन आहेत.